लोखंडाला ताडपत्री

गाडीत काय भरलंय ते कळल्याशिवाय माझ्या हातून गिअर पडत नसे. ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमारास मी पहिली गाडी घेतली, तिसऱ्या हाताचा ट्रक. मालकही मीच आणि ड्रायव्हरही मीच. या दोघांचं आपसात फारसं पटत नसे, कारण मालकाला वाटायचं गाडी पळावी आणि ड्रायव्हरला वाटायचं जरा थांबून बघावं.

जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल पोती चढवत असायचे आणि मी त्यांच्या मधेमधे. पोत्याला बोट लावून बघ, वास घे, एखादा दाणा दाताखाली फोड. करडई कुठली, कुणाच्या शेतातली, चालली कुठं, तिथं तिचं काय करतात, सगळं विचारायचं. एक म्हातारा हमाल एकदा पाठीवरचं पोतं तसंच धरून म्हणाला, "मालक, गाडी भरायची का तुम्हाला ताट वाढायचं, ते एकदा सांगा."

या भोचकपणाचे फटके बसत. मोसंबी घेऊन नागपूरला गेलो होतो तेव्हाचं सांगतो. माल उतरला, पोच मिळाली. आता शहाण्या माणसानं ट्रान्सपोर्टच्या दारात जाऊन परतीच्या मालासाठी नंबर लावायचा. मी फळबाजारात उभा राहिलो, आपली मोसंबी कोण घेतं ते बघायला. एका हातगाडीवाल्यानं घेतली. त्याच्या मागं मागं गेलो. तो एका दवाखान्यासमोर उभा राहून रस काढायला लागला, तर मी समोरच्या पारावर बसलो. पहिला ग्लास एका पोलिसानं घेतला आणि पैसे न देता गेला, तेव्हा मला माझंच कुणी लुटल्यासारखं वाटलं. परत आलो तोवर माझा नंबर गेलेला. नागपूर ते जालना रिकामी गाडी हाकत आलो. बायको आता बोलणार म्हणून मान खाली घालून बसलो, तर तिनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "बाकीचा रस कोन पिलं मंग?"

म्हणजे खोड माझ्या एकट्याची नव्हती, घराची होती. तिच्या माहेरची तर नक्कीच.

माझे सासरे परतूरकडचे. आयुष्यभर त्यांनी बैलगाडी हाकली. जिनिंगमधून कापसाच्या गाठी परतूर स्टेशनच्या मालधक्क्यावर न्यायच्या आणि डब्यात चढल्या की घरी यायचं. माझ्यासारख्यांचे ट्रक आले आणि त्यांचं काम गेलं. त्यांनी बैल विकले, चार दिवस ओट्यावर बसून काढले, आणि पाचव्या दिवशी वळकटी घेऊन जालन्याला आले ते थेट माझ्या गाडीत डाव्या बाजूला बसले. मी म्हटलं, "मामा, कुठं सोडू?" तर म्हणाले, "सोडायचं न्हाई. माझी लेक ज्या गाडीवर खाती ती गाडी कोन हाकतंय, कशी हाकतंय, ते मला बघायचंय."

आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात. जिल्ह्यात क्लीनर म्हणून सासरा ठेवलेला ड्रायव्हर मी एकटाच असेन. यात अडचण अशी की क्लीनरला "ए, चाकाला दगड लाव" म्हणता येतं. सासऱ्याला "मामा, तुम्हाला तरास होत नसंल तर जरा दगड लावता का" म्हणावं लागतं, आणि एवढं म्हणून होईपर्यंत गाडी मागं सरकलेली असते. टेंभुर्णीच्या बाजारात ती अशीच सरकून एका बाईच्या लाल मिरचीच्या ढिगात गेली. पुढचा पाऊण बाजार शिंकत होता. मामा शिंकत शिंकत उतरले, दगड लावला आणि म्हणाले, "जावाईबापू, निस्तं दगड म्हना पुढच्या टायमाला."

पण मामांनी गाडीला एक शिस्त आणली. ती कापसाची शिस्त होती. कापूस भिजला की माणूस मेला, असं त्यांचं गणित, त्यामुळं ताडपत्रीशिवाय गाडी दारातून हलता कामा नये. ताडपत्री जाड कॅनव्हासची, वास येणारी. कोरडी असताना दोघांनी उचलायची. ओली झाली तर कुणाला हाक मारायची. माल कोणताही असो, आकाश कसंही असो, मामा तिची घडी माझ्या सीटमागं कोंबायचे. तिला एकाच मालातून सुट्टी होती, ती म्हणजे भंगार. एमआयडीसीतल्या लोखंडाच्या मिलांना आम्ही भंगार नेत असू. ते उघडंच जायचं, भर पावसात जायचं. तेव्हा मामा ताडपत्रीवर पाय पसरून झोपत.

पुढं आमच्या भागात रेल्वेचे रूळ रुंद झाले. आधी छोट्या रुळावरचा माल मनमाडला हमालांच्या पाठीवरून मोठ्या रुळावर जायचा असं ऐकून होतो. ते बंद झालं. आणि मग काही वर्षांनी औरंगाबादच्या पलीकडं एक डेपो निघाला. मुंबईच्या बंदरावरून लोखंडी कंटेनर रेल्वेनं तिथं यायचे आणि तिथून ट्रकवर चढून कारखान्यांच्या दारात जायचे. सगळा प्रवास बंद दाराआड. बोटीवरून रेल्वेवर, रेल्वेवरून ट्रकवर, पण माल कुणाच्या हाताला लागायचा नाही आणि नजरेलाही पडायचा नाही.

मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा क्रेनखाली तोंड वर करून इतका वेळ उभा राहिलो की वॉचमननं हाताला धरून बाजूला नेलं. एवढी मोठी पेटी हवेत लटकत फिरते आणि ट्रकवर अलगद बसते! बसताना गाडी अशी वाकते, जशी म्हैस खाली बसते. मला ते कामच पाहिजे होतं. कमाईसाठी पाहिजे होतं हे आहेच, पण त्या पेटीत काय असतं ते बघायला जास्त.

डेपोतल्या एका एजंटाला भेटलो. तो पान खाणारा, कमी बोलणारा माणूस. म्हणाला, "तुमच्या गाडीला बॉडी आहे. पेटी बसायची कुठं? सपाट पाटा करून आणा."

मग मी जो शहाणपणा केला तो नीट ऐका. दुसऱ्या दिवशी गॅरेजला जाऊन गाडीची लाकडी बॉडी उतरवली. बाजूचे फाळके, मागचा दरवाजा, सगळं. खाली नुसता सपाट पाटा ठेवला. काम नक्की मिळेल का, किती मिळेल, हे विचारायचं राहून गेलं. उतरवलेले फाळके घरी आणले तर बायकोनं त्यातल्या एकाचा गोठ्याला दरवाजा केला. दुसरा शेजाऱ्यानं मागून नेला, त्यावर त्याच्या शेळ्या झोपायला लागल्या. आता माझ्या गाडीवर ना पोतं राहणार होतं, ना भंगार. कंटेनर राहणार होता, नाहीतर काहीच नाही. रस्त्यानं जाताना ती गाडी नुकत्याच धुतलेल्या पाटासारखी दिसायची, पाहुण्याची वाट बघत असलेल्या.

मामा त्या सपाट गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "हे काम न्हाई जमलं तर?"

"जमंल की."

"न्हाई, न्हाईच जमलं तर?"

मी चाकाची हवा बघायला खाली वाकलो. मामांनी ताडपत्री आणून सीटमागं कोंबली. "मामा, लोखंडी पेटी असती ती," मी म्हटलं. "असू द्या," ते म्हणाले.

पहिला कंटेनर मिळाला ते दिवस गव्हाच्या काढणीचे होते. डेपोत आधी मामा, ताडपत्री, पाण्याचा ड्रम, सगळं खाली उतरवून गाडी रिकामी काट्यावर घेतली, मग पेटी चढवून तसंच पुन्हा वजन केलं आणि काट्याची पावती माझ्या खिशात दिली. एजंटानं दाराच्या दांड्याला पत्र्याची एक पट्टी ओवून तिला शिशाचा ठसा मारला. हे सील. त्याच्यावर काहीतरी आकडे होते.

"आत काय आहे?" मी विचारलं.

एजंट पान चघळत माझ्याकडं बघत राहिला. "जालना एमआयडीसी, नवा प्लॉट, मागचं गेट. तेवढं माहिती असलं की बस. आणि एक. हे सील तुटलेलं दिसलं तर पुन्हा माझ्या गेटात पाय ठेवायचा नाही. कसं तुटलं ते मी विचारणार नाही."

कागद इंग्रजीत होते आणि माझं इंग्रजी 'हॉर्न' आणि 'स्टॉप' एवढंच. निघालो.

पहिल्याच वळणावर मागून आवाज आला. खळ्ळ... सर्र. मी मामांकडं बघितलं, मामांनी माझ्याकडं. पुढच्या वळणावर मी मुद्दाम जरा जोरात घेतलं. खळ्ळ... सर्र.

"बांगड्या," मी म्हटलं.

"एवढ्या बांगड्या कोन भरतं? धान्य हाय ते. तूर वाजती अशी कणगीत."

"परदेशातनं तूर येती का मामा?"

"बाहत्तरच्या दुष्काळात मिलो आल्ता का न्हाई परदेशातून? लाल लाल. आपुन खाल्ला न्हाई का?"

आता हे खोडून कसं काढणार. चिकलठाण्यापर्यंत आमचं त्या पेटीत अर्धं जग भरून झालं होतं. मामांच्या मते तूर, नंतर मका. माझ्या मते बांगड्या, नंतर चिनी मातीचे कप, पण फुटलेले. दर वळणाला आवाज आला की दोघं गप्प बसून ऐकायचो आणि मग आपापलं मत बदलायचो. गाडी कशी चालली होती ते परमेश्वराला ठाऊक.

करमाडच्या पुढं आलो आणि जालन्याच्या अंगाला आभाळ काळं दिसायला लागलं. अवकाळी. मामा पुढं वाकले आणि काचेतून वर बघायला लागले. मला कळलं आता काय येणार.

"घ्या बाजूला."

"मामा, ती पेटी समुद्रातनं आलीय."

"म्हंजे भिजूनच आली असंल की. आता आपुन अजून भिजवायची का?"

"लोखंड आहे ते. दार बंद आहे."

"दाराच्या खाली फट हाय. मी डेपोत बोट घालून बघितलं." हे मला माहीत नव्हतं. म्हणजे मी एजंटाशी बोलत होतो तेव्हा मामा मागं बोट घालत होते. "आत काय हाय ते तुम्हाला म्हाईत हाय का?"

"नाही."

"मंग? म्हाईत न्हाई तर कापूस समजून चालायचं."

  आत काय आहे ते माहीत असतं तर मी ठामपणे नाही म्हटलं असतं. माहीत नव्हतं म्हणून मनात आलं, खरंच मका असला तर? पहिलीच खेप, माल भिजला, एजंट म्हणेल झाकला का नाही? मी गाडी बाजूला घेतली.

ताडपत्री वर चढवणं हे एक प्रकरण झालं. मामा माझ्या खांद्यावर पाय देऊन वर गेले. सासऱ्याचा पाय खांद्यावर घेण्याचे योग सगळ्यांच्या नशिबी नसतात. गाडीच्या बॉडीला दोर बांधायला आकडे असतात. आता बॉडीच नव्हती, तर दोर बांधायचा कुठं? खाली पाट्याला एक टोक, आणि मागं कंटेनरच्या दाराचा दांडा होताच बाहेर आलेला. मामांनी दोराचा वेढा त्या दांड्याला टाकला. सीलच्या जरा वर. आमच्याजवळून जाणारा प्रत्येक ट्रक हळू होत होता. एकानं तर पूर्ण थांबून, खिडकीतून वाकून विचारलं, "पेटीला सर्दी झाली का?"

मामा वरून म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं."

पाऊस आला तो मोजून दहा-पंधरा मिनिटांचा, पण दणदणीत. बदनापूरला चहाला थांबलो तोवर ऊन पडलेलं. ताडपत्री पाणी पिऊन फुगली होती आणि तिच्या वजनानं दोर ढिले पडले होते. वाटेत दोर पुन्हा आवळायचा हा आमच्या धंद्यातला नेम. कुठलीही गाडी भरून निघाली की थोडं अंतर गेल्यावर थांबून दोर बघायचा, कारण माल दबतो. पेटी दबत नाही हे माझ्या डोक्यात आलं नाही. हात आपोआप टॉमीकडं गेला, म्हणजे लोखंडी पहारीकडं. ती दोरात घालून मी पीळ द्यायला लागलो.

"बास झालं," मामा म्हणाले.

"अजून एक." मला मामांना दाखवायचं होतं की जावयाच्या मनगटात जोर आहे.

टक् असा आवाज आला. बारीकसा. दांडा दोराबरोबर जरा वर उचलला गेला होता आणि सीलची पट्टी चिखलात पडली होती.

मी ती उचलून पँटीला पुसली. मला समोर गोठ्याचा दरवाजा दिसायला लागला, शेळ्या झोपतात तो फाळका दिसायला लागला, आणि त्यांच्या मधोमध माझी सपाट गाडी, जिच्यावर आता काहीच ठेवता येणार नव्हतं.

आणि खोटं कशाला सांगू, त्याच वेळी दुसरंही एक मनात आलं. दार आता नुसतं दांडा फिरवला की उघडणार होतं.

"मामा," मी हळूच म्हटलं, "तुटलंच आहे तर..."

मामांनीही वाटभर तो खळ्ळ सर्र ऐकला होताच, त्यांच्याही डोळ्यांत तेच होतं. त्यांनी दांड्याकडं बघितलं, पेटीकडं बघितलं. एक हात पुढंही गेला. मग तो त्यांनी पाठीमागं नेऊन दुसऱ्या हातात धरला.

"उघडलं तर आपुन चोर," ते म्हणाले. "न्हाई उघडलं तर आपुन येडे. येडंच ऱ्हाऊ."

इथं मी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण माझ्या डोक्यात आलं की शिसं वितळतं. वितळतं म्हणजे जोडताही येतं. चहावाल्याचा स्टोव्ह फरफरत होताच. मी पट्टीची दोन टोकं पकडीत धरली आणि शिशाचा ठसा स्टोव्हवर धरला.

"काय भाजून राह्यले?" चहावाल्यानं विचारलं.

"काही नाही. तुम्ही चहा करा."

शिसं वितळलं. ते पट्टीवर जाऊन बसण्याऐवजी त्याच्या चहाच्या पातेल्याच्या काठावर एक थेंब होऊन बसलं, आणि उरलं त्यावरचे सगळे आकडे पुसले जाऊन नुसती एक गुळगुळीत गोळी राहिली. आत्तापर्यंत सील तुटलेलं होतं. आता ते कुणीतरी मुद्दाम वितळवलेलं होतं. चहावाल्यानं सगळा चहा रस्त्यावर ओतून दिला आणि त्याचा हिशोब माझ्याकडून घेतला. मामांनी तेवढ्यात ओळखीच्या एका शेतकऱ्याकडून लेकीसाठी कांद्याचं पोतं घेऊन केबिनमध्ये चढवलं. जगबुडी आली तरी लेकीसाठी काहीतरी घ्यायचं हा त्यांचा नेम होता.

बदनापूरहून निघालो. मागून खळ्ळ सर्र येत राहिलं, पण कुणी अंदाज केला नाही.

एमआयडीसीत नवा प्लॉट, मागचं गेट. आत गेलो तर ती एक नवीन लोखंडाची मिल निघाली. वॉचमन गाडीभोवती फिरला आणि आत जाऊन दोघांना घेऊन आला. ते दोघं अजून दोघांना बोलवायला गेले. तेवढ्यात स्टोअरचे साहेब आले. किडकिडीत, खिशाला पेन, चेहऱ्यावर काहीच नाही.

"सील?"

मी खिशातून पट्टी आणि गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी गोळी बोटात फिरवून बघितली.

"हे वितळलंय."

"हो."

"आपोआप?"

"नाही. मी वितळवलं. जोडायला."

"आणि तोडलं कुणी?"

"मीच. ताडपत्रीचा दोर आवळताना."

त्यांनी कंटेनरवरच्या ताडपत्रीकडं बघितलं. पाणी अजून ठिबकत होतं. मग पुन्हा माझ्याकडं. मी खरं बोलत होतो, आणि खरं इतकं येड्यासारखं ऐकू येतं हे मला त्या दिवशी कळलं.

"काट्यावर घ्या," ते म्हणाले.

गाडी काट्यावर घेतली. मी उतरलो. काटेवाल्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "साहेब, पावतीपेक्षा जास्त भरतंय."

मला एवढा आनंद झाला की विचारू नका. माल गेला असता तर कमी भरलं असतं. इथं तर जास्त! मी साहेबांकडं हसून बघितलं. साहेब हसले नाहीत.

"आत काय टाकलं?" त्यांनी विचारलं.

"काय म्हणजे?"

"चांगला माल काढून दगड-माती टाकणारे मी पुष्कळ बघितलेत. कमी टाकतात ते सापडतात म्हणून हल्ली थोडं जास्तच टाकतात. फोन लावतो मी एजंटाला."

 साहेब ऑफिसकडं वळले. आणि गाडीच्या केबिनमधून मामांचा आवाज आला, "जावाईबापू, मी उतरू का बसू?"

मी वळून बघितलं. मामा डाव्या सीटवर मांडी घालून बसलेले. मांडीजवळ कांद्याचं पोतं, पायाशी पाण्याचा ड्रम, आणि वर, सगळ्यांच्या डोक्यावर, पाणी प्यालेली कॅनव्हासची ताडपत्री.

"साहेब," मी ओरडलो, "थांबा. क्लीनर गाडीतच आहे."

"एका माणसानं एवढा फरक पडत नाही," साहेब न थांबता म्हणाले.

"एकटा नाहीये."

ते थांबले. काय वाटलं कोण जाणे, पण परत आले. मग आम्ही गाडी सोलायला घेतली. मामा उतरले. कांदे उतरले, ड्रम उतरला. दोर सोडले. ताडपत्री खाली ओढायला मी आणि मामा पुरेनात, तेव्हा तमाशा बघायला आलेल्या चौघांना हात लावावा लागला. ती जमिनीवर पडली तर फाटकन आवाज झाला आणि साहेबांच्या पँटीवर पाणी उडालं. मी डोळे मिटून घेतले.

"आता?" साहेबांनी काटेवाल्याला विचारलं.

काटेवाल्यानं पावती दोनदा उलटसुलट करून बघितली. त्याला मजा येत असावी. मग म्हणाला, "बराबर हाय. जळलं असंल तेवढं डिझेल कमी."

साहेबांनी पँट झटकली. "उघडा," ते म्हणाले.

दांडा फिरवायला दोघं पुढं झाले आणि मला स्वतःचीच लाज वाटली, कारण सगळ्यांना ढकलून मी सर्वात पुढं उभा होतो. माझ्या काखेतून मामांचं डोकं. दार करकरत उघडलं आणि काठावरचं थोडंसं खाली आलं. खळ्ळ... सर्र.

भंगार. तोडून, चेपून, मुठीएवढे तुकडे केलेलं लोखंड. ज्या एका मालावर आम्ही उभ्या आयुष्यात ताडपत्री घातली नव्हती तो.

 मग मामा म्हणाले, "तूर न्हाई म्हंजे."

साहेब फोन करायला ऑफिसात गेले. खिडकी उघडी होती, त्यामुळं आम्हाला एकाच बाजूचं ऐकू आलं. "सील तुटलेलं आहे... वितळवलंय, हो... नाही, वजन बराबर, माल बराबर... त्याचं म्हणणं ताडपत्रीच्या दोरानं... हो, ताडपत्री... कंटेनरवर... होय, लोखंडाच्या... आत भंगारच, दुसरं काय... मी बघितलं ना स्वतः." मग ते बराच वेळ नुसते फोन कानाला लावून उभे होते. पलीकडून काय चाललंय ते कळेना. मी मनातल्या मनात गोठ्याचा दरवाजा काढून पुन्हा गाडीला बसवत होतो. शेळ्यांचं कसं करायचं तेही ठरवून झालं.

साहेब बाहेर आले. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हललेला दिसला.

"तो अर्धा वेळ हसतच होता," ते म्हणाले. "म्हणतो, चोरी करायचं डोकं असतं तर या माणसानं हे केलं नसतं. परवा दुसरी पेटी आहे, या म्हणतो. ताडपत्री गेटच्या बाहेर ठेवून."

मी मान डोलावली.  मामांना शोधलं तर ते दारापाशी खाली आलेल्या ढिगाऱ्याशी उकिडवे बसलेले. हातात नळ फिरवायची एक लोखंडी चकली होती, अर्धी चेपलेली, कडेला पांढरा रंग अजून लागलेला.

"साहेब," त्यांनी विचारलं, "हे कुणाच्या घरचं?"

"तिकडचं कुणाचं तरी असेल. जहाजानं येतं सगळं."

"न्हाई, पन कुणाच्या घरचं?"

साहेबांनी ती चकली हातात घेऊन बघितली. आयुष्यात भंगाराकडं त्यांनी असं कधी बघितलं नसावं. "ते नाही सांगता येणार," ते म्हणाले, आणि परत मामांच्या हातात दिली. मामांनी ती ढिगावर ठेवली, रंगाची बाजू वर करून.

डेपोत माझं नाव ताडपत्रीवाला पडलं आणि कायम राहिलं. नव्या ड्रायव्हरला सील म्हणजे काय ते समजावून सांगताना एजंट माझ्याकडं बोट करून गोष्ट सांगायचा, आणि दर वेळी पाऊस थोडा वाढवून सांगायचा. मी हरकत घेतली नाही. ज्याच्या नावानं माणसं हसतात त्याला काम द्यायला विसरत नाहीत.

परवाची पेटी घ्यायला आम्ही गेलो तेव्हा मामांनी ताडपत्री खरंच घरी ठेवली होती. गेटावर हात झटकून, सीटमागची जागा वॉचमनला उघडून दाखवली. क्रेननं पेटी ठेवली, गाडी म्हशीसारखी बसली, एजंटानं सील मारलं आणि पानाची पिंक टाकायला पलीकडं गेला. मी काट्याची पावती घेऊन आलो तर मामा मागच्या दाराला कान लावून उभे होते. सीलपासून हात लांब, दोन्ही पाठीमागं बांधलेले.

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि माझाही कान लावला. लोखंड गार होतं.

"काय म्हनतंय?" मी विचारलं.

"गप बसा जरा," मामा म्हणाले. "ऐकून राह्यलो."